टाकीत आधी काय होते?

आपल्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल उजाडला की कितीतरी वाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. जांभ्यात पाणी ठरत नाही, उतारावरून ते थेट खाडी गाठते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आज मला लिहायचे आहे ते मोठा टँकर वळू शकत नाही तिथे पाणी पोचवणाऱ्या छोट्या पिकअपबद्दल.

एरवी माल वाहणारी गाडी. हौद्यात हजार-दोन हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी दोराने आवळायची, खाली नळ, नळाला पाइप, आणि झाली पाण्याची गाडी! (हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला कशी ढकलते हे चालकांनाच विचारा.) या गाड्या बंद करा असे मी म्हणणार नाही. त्या नसत्या तर डोंगरातल्या बायकांना पुन्हा हंडे घेऊन दरीत उतरावे लागेल. पण गिऱ्हाईक विचारते ते लिटर किती आणि पैसे किती. टाकीत आधी काय होते, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि आपल्याकडे तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. हापूसच्या बागेत फवारणीसाठी औषधाचे पाणी न्यायला अशीच टाकी, अशाच गाडीवर चढवतात. फवारणीचा हंगाम संपता संपता पाणीटंचाई सुरू होते. ज्या टाकीत एकदा कीटकनाशक कालवले ती पिण्याच्या पाण्याला कायमची बाद समजावी. क्लोरीन जंतू मारते, कीटकनाशक घालवत नाही. पाणी उकळूनही त्याचा भरवसा नाही. हौद्यात काल मासळीच्या पेट्या होत्या, तर निदान वास तरी येतो. औषधाचा येईलच असे नाही.

मालाची गाडी पाण्यासाठी वापरूच नये असे मात्र नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, ते एरवी तेल वाहणाऱ्या वाघिणींतून. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. पण त्या वाघिणी आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुऊन घेतल्या होत्या. लातूरची तहान काही थोडी नव्हती, तरी धुण्याइतका वेळ काढलाच ना? मग आपल्या हजार लिटरच्या टाकीला एक दिवस का मिळू नये?

धुणे म्हणजे नुसती पाण्याची चूळ भरणे नव्हे. तळाचा गाळ पूर्ण काढायचा, आतून ब्रशने घासायचे, खळबळून धुवायचे. मग टाकी काठोकाठ भरून हजार लिटरला 150 ग्रॅम टीसीएल पावडर घालायची आणि 24 तास तशीच ठेवायची. नळ आणि पाइपही त्याच पाण्याने भरून ठेवायचे. नंतर ते पाणी ओतून द्यायचे. पऱ्ह्यात मात्र नको, मासे मरतील.

रोजच्या फेरीला हजार लिटरमागे 5 ग्रॅम टीसीएल पुरते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ टाकीत ओतावी. ही निवळ पाणी भरताना घालावी, वाडीवर पोचल्यावर नव्हे. क्लोरीनला काम करायला अर्धा तास लागतो. तो रस्त्यात निघून जातो आणि आपले खड्डे पाणी ढवळण्याचे काम फुकट करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पाणी प्यायल्यावर लगेच दिसत नाही. हेपटायटिस-ई दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. मे महिन्यात प्यायलेल्या पाण्याची कावीळ घेऊन रोगी जून-जुलैत दवाखान्यात येतो. तोवर टँकर बंद झालेले असतात आणि दोष जातो पावसाच्या नव्या पाण्याला. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायांपर्यंत दगावू शकतात. घरात गर्भवती असेल तर टँकरचे पाणी चांगले उकळूनच तिला द्यावे.

पण सगळा भार घरच्या बाईवर टाकणे मला पटत नाही. तीन दिवसांनी आलेली गाडी ती परत पाठवणार आहे का? हे काम ग्रामपंचायतीचे. मार्च महिन्यातच गावात पाणी वाहणाऱ्या गाड्यांची यादी करावी, झाकण उघडून टाकी आतून पाहावी, ठीक असेल तिच्यावर ‘फक्त पिण्याचे पाणी’ असे रंगवून द्यावे आणि रंगवलेली नसेल तिला विहिरीवर भरू देऊ नये. जलसुरक्षकाने पाणी उतरवण्यापूर्वी ओटी टेस्ट करावी. पिवळा रंग आला नाही तर ती टाकी पिण्यासाठी उतरवू नये. टीसीएलचे पोते मात्र ताजे हवे. आपल्या दमट हवेत उघडे राहिलेले पोते महिन्या-दोन महिन्यांत नुसत्या चुन्याच्या मोलाचे होते.