ॲप अडले, नोटीस बाईला

अंगणवाडीतले वजनाचे रजिस्टर हरवले तर सेविकेला जाब विचारणे एक वेळ समजू शकते. रजिस्टर तिच्याच कपाटात असते. पण 2021 साली केंद्र सरकारने आणलेला पोषण ट्रॅकर? हे ॲप तिने बनवले नाही, गावात रेंज आणणेही तिच्या हाती नाही. तरी माहिती दिसली नाही की सुपरवायझर बाई तिलाच विचारणार, "का नाही भरलीस?"

महाराष्ट्रात सेविकांना दिलेले सरकारी मोबाइल दोन जीबी रॅमचे होते. त्यांवर ॲप नीट चालेना. ऑगस्ट 2021 मध्ये हजारो सेविकांनी ते प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. बाई आणि यंत्र म्हटले की 'यांना जमत नाही' हे वाक्य आपल्याकडे तयारच असते!

1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. ओटीपी ज्या फोनवर येतो तो पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा कामावर. पाकीट अडले की गरोदर बाई भांडते ती सेविकेशीच.

सुपरवायझर बाईंवरही वरून दबाव असतो, हे मान्य. मग बिघाडाची लेखी पोच द्या: तारीख, वेळ, पडद्यावर आलेला मजकूर आणि खाली त्यांची सही. केंद्राचा महिना 500 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता कामाच्या नोंदींवर ठरतो. ॲप बंद होते त्या दिवसांसाठी तो कापता कामा नये, आणि संघटनेने ही मागणी पुढच्या बैठकीत लेखी द्यावी.