जोडसहलीचें खूळ

परदेशस्थ मुलांकडे चार-सहा महिने राहून परत आलेल्या आपल्या मध्यमवर्गीय मातापितरांच्या तोंडीं हल्लीं एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : "आम्ही डिस्ने केलें आणि क्रूझहि केली." यांतील 'केलें' हें क्रियापद मोठें बोलकें आहे. काशी केली, रामेश्वर केलें, असें आपले पूर्वजहि म्हणत. परंतु काशीची गंगा रामेश्वरास नेऊन वाहावयाची असल्यामुळें त्या दोन 'करण्यां'च्या मध्यें कित्येक महिन्यांची पायपीट आणि साऱ्या हिंदुस्थानची लांबी पडलेली असे. एकनाथांची कावड याच वाटेवर एका तहानेल्या गाढवाच्या मुखीं रिती झाली अशी कथा आहे. आणि त्या यात्रेची जी आठवण लोकांत उरली ती काशीची नव्हे, रामेश्वराचीहि नव्हे, तर मधल्या तापलेल्या वाळवंटाची. जोडयात्रा म्हणावयाची ती हिला. दोन स्थानें भिन्न असावीं आणि त्यांच्या मध्यें कांहीं असावें, तरच 'जोड' या शब्दाला अर्थ. आज अमेरिकेंत थीम पार्क व समुद्रविहार यांची जी जोडसहल कुटुंबवत्सल गृहस्थांना विकली जाते, तिच्यांत दोन्ही स्थानें एकसारखीं करून टाकलीं आहेत आणि मधलें सारें काढून टाकलें आहे. माझा तिच्यावरील आक्षेप हा आहे. तो पाश्चात्यांच्या चैनीवरील आक्षेप नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

या सहलीची जन्मकथा फार जुनी नाहीं. वॉल्ट डिस्ने या चित्रपटकारानें 1955 सालीं कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम येथें आपलें पहिलें उद्यान उघडलें. लागलीच कुंपणाबाहेर इतरांचीं हॉटेलें व खाणावळी उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांच्या खिशांतील पुष्कळसा पैसा तिकडे वाहूं लागला. ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. म्हणून फ्लोरिडा संस्थानांत ओरलँडो शहराजवळ त्यानें निरनिराळ्या नांवांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप सुमारें 27,000 एकर जमीन घेतली. 1966 च्या अखेरीस तो वारला; 1971 च्या ऑक्टोबरांत तेथील उद्यान सुरू झालें. कुंपण आतां इतकें दूर गेलें होतें कीं, पाहुणा निसटावयाचा तर तो समुद्राच्याच दिशेनें. त्याप्रमाणें 1980 च्या दशकांत प्रीमियर नांवाच्या दुसऱ्या एका कंपनीच्या लाल रंगाच्या बोटी जवळच्या कॅनाव्हेरल बंदरांतून या पाहुण्यांना बहामा बेटांकडे नेऊं लागल्या. पुढें हा वांटा तरी दुसऱ्याला कां द्यावा, असा विचार होणें साहजिकच होतें. 1998 च्या जुलैअखेर 'डिस्ने मॅजिक' हें कंपनीचें स्वतःचें जहाज निघालें, आणि आठवड्याचा एक तुकडा उद्यानांत व दुसरा जहाजावर घालविण्याची सोय एकाच दुकानांत मिळूं लागली. कुंपण समुद्रांत गेलें.

या सहलीचा पूर्वपक्ष दुबळा नाहीं. आजी-आजोबांचे गुडघे दुखतात, मुलाला मोजके दिवस रजा मिळते, नातवंडांना आजीची भाषा अर्धीमुर्धी येते. अशा तीन पिढ्यांनीं एकत्र हिंडावयाचें तर रोज नवें गांव आणि रोज सामानाची बांधाबांध झेपत नाहीं. जहाजावर पेटी एकदां उघडली कीं झालें. जेवण तयार, डॉक्टर हजर, मूल हरवण्याची धास्ती नाहीं. हें सारें मला मान्य आहे. गैरसोयीचें स्तोत्र गाणाऱ्यांपैकीं मी नव्हे. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि शेंकडों माणसें गेलीं. ती आठवण ज्या प्रांतानें बाळगली आहे त्यानें समुद्रावरील सुरक्षिततेला नांवें ठेवूं नयेत. परंतु सुरक्षितता ही एक वस्तु आणि जत्रा ही दुसरी. पहिलीच्या पावतीवर दुसरी गळ्यांत बांधली जाते, तेथें माझी हरकत आहे.

जत्रेचा सर्वांत मोठा गुण कोणता? ती उठते. पाळण्यांत बसून झालें, बत्तासे खाऊन झाले, पिपाणी वाजवून वाजवून बापाचे कान किटले, कीं संध्याकाळीं मूल खांद्यावर झोपीं जातें. आणि दोन दिवसांनीं त्याच मैदानांत जाऊन पाहावें तों पाळण्याच्या खुंटांचे खड्डे तेवढे शिल्लक. वर्षभर त्या खड्ड्यांकडे पाहून मूल पाळणा आठवतें. जत्रा जर उठलीच नाहीं, तर ती जत्रा न राहतां बाजार होते.

ओरलँडोचें उद्यान हें एक असामान्य कारागिरीचें काम आहे, हें मी मोकळ्या मनानें म्हणेन. तेथील मुख्य रस्त्यावरील घरांचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधून उंचीचा आभास साधला आहे. पाहुण्यांच्या पायांखालीं नोकरांसाठीं भुयारी रस्ते आहेत. हेतु हा कीं, एका कल्पित देशाच्या वेषांतील माणूस दुसऱ्या कल्पित देशांतून चालत जातांना दिसूं नये. नाट्यगृहाच्या पडद्यामागें एवढी काळजी क्वचितच घेतली जाते. असें तें नाटक एक दिवस पाहावें, फार तर दोन दिवस. पण जोडसहलींत नाटक संपल्यावर प्रेक्षकाला घरीं जाऊं देत नाहींत. त्याला मोटारींत घालून तासाभरानें जहाजावर नेतात आणि तेथें तींच पात्रें न्याहारीच्या वेळीं पुनः हात हालवीत येतात. तिसऱ्या दिवशीं उंदराला भेटून झालेल्या मुलाला सहाव्या दिवशीं त्याच उंदराबद्दल काय वाटत असेल, याचा विचार आईबापांनीं करून पाहावा.

जहाजाचा गुण नेमका याच्या उलट. जहाजावर करावयास कांहीं नसतें, आणि पुढें पाणी व मागें पाणी असतें. थॅकरेला 1844 सालीं पी. अँड ओ. कंपनीनें फुकट तिकीट देऊन भूमध्य समुद्रांत फिरविलें. मार्क ट्वेन 1867 सालीं 'क्वेकर सिटी' बोटीवरून यात्रेकरूंच्या मेळ्यांत निघाला. दोघांचीं प्रवासवर्णनें आजहि गोडीनें वाचवतात, याचें निम्में श्रेय त्या बोटींवरील रिकामपणाला द्यावें लागेल. करावयास कांहीं नसलें म्हणजे माणूस शेजाऱ्याकडे पाहतो, आणि शेजाऱ्याचा कंटाळा आला म्हणजे पाण्याकडे. लहान मुलाच्या बाबतींत तर हा कंटाळा म्हणजे मोठी दौलत आहे. आजोबांना गोष्ट सांगावयास लावणारें दुसरें साधन मला माहीत नाहीं.

आतां हल्लींचें जहाज पाहा. धुक्यांत दुसऱ्या जहाजाला सावध करण्यासाठीं जो भोंगा असतो तो डिस्नेच्या जहाजांवर चित्रपटांतील गाण्याची धून वाजवितो. डेकावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. या कंपनीचीच ही तऱ्हा आहे असेंहि नव्हे. दुसऱ्या एका कंपनीचें 2024 च्या जानेवारींत मायामीहून निघालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' हें जहाज भरगच्च भरलें म्हणजे 7,600 प्रवासी घेतें, आणि त्यावर सहा घसरगुंड्यांचें जलोद्यान आहे, झाडें लावलेली बाग आहे, पेठ आहे. समुद्र तेवढा दिसत नाहीं, कारण त्याकडे पाठ करूनच सारें बांधलेलें आहे.

परंतु या सगळ्या प्रकरणाचें सार मला एका लहानशा वस्तूंत सांठलेलें दिसतें. 2011 सालीं निघालेल्या 'डिस्ने ड्रीम' जहाजावर आंतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोल्यांत भिंतीवर एक वाटोळा पडदा बसविला आहे. जहाजाबाहेरील कॅमेरे टिपतात तो खरा समुद्र त्याच क्षणीं या पडद्यावर दिसतो. इथवर ठीक, अंधाऱ्या खोलींतील माणसाला समुद्र दाखविणें हें पुण्यकर्मच म्हटलें पाहिजे. पण तेवढ्यावर न थांबतां मधूनमधून त्या समुद्रावरून कंपनीच्या चित्रपटांतील प्राणी तरंगत जातात. मुलांना तें आवडतच असणार. मात्र ज्या मुलानें आपला पहिला समुद्र असा पाहिला, तें पुढें केव्हां हर्णैच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभें राहिलें तर "यांत कोणी येत कां नाहीं?" असें विचारील, आणि त्या प्रश्नाला आजोबांजवळ उत्तर नसेल.

आणि ज्या कुटुंबाच्या एकोप्यासाठीं हा खटाटोप, त्याची काय अवस्था? तान्ह्यांसाठीं पाळणाघर, शाळकरी मुलांसाठीं एक मंडळ, किशोरांसाठीं दुसरें, मोठ्यांसाठीं मुलांना मज्जाव असलेलीं भोजनगृहें व पोहण्याचे हौद, अशी वयवार वांटणी या जहाजांवर केलेली असते. मातापितरांना घटकाभर निवांतपणा नको कां, असें कोणी विचारील. अवश्य हवा. पण मग 'तीन पिढ्या एकत्र' अशी जाहिरात कशाला? घरीं दिवाणखान्यांत निदान एकमेकांच्या आड तरी येत होते.

मधल्या मुक्कामांची गोष्ट याहून मौजेची आहे. अमेरिकेचा नियम असा आहे कीं, परदेशी निशाणाच्या जहाजानें प्रवासी घेऊन अमेरिकेच्या एका बंदराहून निघून, कोठेंहि परदेशीं न शिवतां, तसेंच परत येतां कामा नये. हीं जहाजें बहामा देशांत नोंदलेलीं. म्हणून त्यांना परदेशीं एखादा मुक्काम करणें भागच असतें. बहामा हें 1973 सालीं स्वतंत्र झालेलें राष्ट्र. त्याची राजधानी नासाऊ. तेथें जहाज लागतें, आणि कित्येक पाहुणे उतरतच नाहींत, कारण रिकाम्या झालेल्या घसरगुंड्यांवर त्या दिवशीं रांग कमी असते! एका राष्ट्राच्या राजधानीचा उपयोग एवढाच. दुसरा मुक्काम कंपनीनें भाडेपट्ट्यानें घेतलेल्या बेटावर. त्याचें मूळचें नांव गोर्डा के. तें पुसून 'कास्टअवे के', म्हणजे जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्याचें बेट, असें ठेवलें. तेथें एके काळीं मादक पदार्थांचा चोरटा व्यापार करणाऱ्यांची विमाने उतरत. त्या धावपट्टीवर आज पाहुणे सायकली फिरवितात. खरा इतिहास एवढा रोमहर्षक असतां त्यावर फुटलेल्या जहाजाची बनावट दंतकथा चढविण्याची काय गरज होती, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. असो. या बेटावरहि कुटुंबांचा किनारा वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा आहेच.

रांगेबद्दल एक शब्द. जत्रेंत सावकाराचें पोर आणि कुळाचें पोर एकाच पाळण्याच्या रांगेंत उभें राहतें, हा जत्रेचा दुसरा गुण. ओरलँडोच्या उद्यानांत 1999 पासून रांग चुकविण्याची सोय फुकट होती; 2021 च्या ऑक्टोबरापासून तिला पैसे पडूं लागले. कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ही वेळ सात दिवस आधीं राखून ठेवतां येते, इतरांना तीन दिवस आधीं. म्हणजे सुटींतील प्रत्येक घटकेचें वेळापत्रक घरूनच बांधून न्यावयाचें. (आपल्या देवस्थानांनींहि पैसे भरून दर्शन घेण्याची विद्या आत्मसात केली आहे, त्यामुळें या बाबतींत अमेरिकेला हंसण्याचा अधिकार आपण गमावून बसलों आहों.)

हें सारें दूरच्या फ्लोरिडांतलें, आपल्याला त्याचें काय, असें म्हणतां येणार नाहीं. सिंगापुरांत सेंटोसा बेटावर 2010 सालीं युनिव्हर्सल कंपनीच्या नांवाचें उद्यान उघडलें, आणि सेंटोसा व क्रूझ ही जोडी आपल्याकडील सहलीच्या कंपन्यांच्या पत्रकांत आज बेळगांव-कोल्हापूर इतकी सरावाची झाली आहे. मुंबई बंदरांतूनहि 2021 पासून देशी क्रूझ निघते, आणि खोपोलीजवळ 2013 पासून थीम पार्क आहे. दोहोंची गांठ कोणी अद्याप मारली नसेल तर ती उद्यां मारली जाईल.

वास्तविक चांगली जोड कशी असते, हें मुंबईकरांना कोणी शिकवावयास नको होतें. गोराईचें एस्सेलवर्ल्ड 1989 सालीं सुरू झालें. आज तें बंद आहे. तेथें जावयाचें तें खाडी ओलांडून, होडीनें. ती होडी केवळ होडी होती. तींत गाणें नव्हतें, पात्रें नव्हतीं, मासळीचा वास होता, कोळणींच्या पाट्या होत्या, आणि भरती-ओहोटीचा चिखल होता. दिवसभर पाळण्यांत फिरून आलेलीं मुलें परतीच्या वेळीं त्याच होडींत अंधार पडतांना गप्प बसून पाण्याकडे पाहत. दहा-पंधरा मिनिटांचा समुद्र. पण तो समुद्र होता, आणि पलीकडे घर होतें.

ज्यांना अमेरिकेंत जाऊन दोन्ही करावयाचेंच आहे त्यांना माझी एक सूचना आहे. उद्यानाचे दिवस कमी करावे आणि जहाजावर चढण्यापूर्वीं मध्यें एक दिवस मोकळा ठेवावा. ओरलँडोहून कॅनाव्हेरलकडे जाणारी मोटार ज्या प्रदेशांतून खिडक्या लावून तासाभरांत निघून जाते, तेथें मेरिट आयलंड नांवाचें पक्ष्यांचें विस्तीर्ण अभयारण्य आहे. 1963 सालीं तें स्थापन झालें. त्याला लागूनच ती जागा आहे जेथून 16 जुलै 1969 रोजीं तीन माणसें चंद्राकडे निघालीं. तेथील सरकारी किनाऱ्यावर हॉटेल नाहीं, पाळणा नाहीं. उन्हाळ्यांत रात्रीं समुद्रांतून मोठालीं कासवें वाळूंत येऊन अंडीं घालून जातात. आजोबांनीं नातवाला घेऊन तेथें वाळूंत बसावें. सोबत थोडें पाणी न्यावें, कारण जवळपास दुकान नाहीं.