पहिली नोकरी : होकार द्या, गुणपत्रिका देऊ नका

घरातल्या पहिल्या पदवीधराला पहिली ऑफर येते ती बहुधा ठेकेदाराची. अटी ठरलेल्या : मूळ गुणपत्रिका जमा करा, बाँडवर सही करा, नियुक्तीपत्र मागाहून. घरी चूल थंड असताना ‘नाकार’ म्हणणे इतरांना सोपे आहे. म्हणून होकार द्यायचा की नाही, हे मालक काय देतो आणि काय अडकवून ठेवतो यावर ठरवावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र बंधनकारक केले आहे. ते टाळणारा मालक पगार मात्र वेळेवर देईल, हा भरवसा कशाचा?

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ या भ्रमातही राहू नका. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. ती सरकारी बँक होती. प्रत्येक ठेकेदाराचा बाँड टिकेलच असे नाही. पण ते सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागेल.

गुणपत्रिकेची झेरॉक्स द्या, मूळ प्रत नाही. ती अडकली की पुढची नोकरीही अडकते. गरजेपोटी कमी पगार पत्करता येईल. शिक्षण गहाण टाकून वेठबिगारी पत्करू नये.