उडवून काढलेले फोटो

फेब्रुवारी लागला की आमच्या सोलापुरातून भिगवणच्या फेऱ्या सुरू होतात. पुणे हायवेने दीडशेएक किलोमीटर जायचं, पहाटे कुंभारगावला नावेत बसायचं, उजनीच्या फुगवट्यावर रोहित (म्हणजे फ्लेमिंगो हो!) बघायचे आणि रात्री घरी येऊन फोटो चढवायचे. छान गोष्ट आहे, मीही जातो. पण मंडळी, ते फोटो जरा नीट बघा. बहुतेक फोटो उडत्या थव्याचे. गुलाबी-काळे पंख पसरलेले, एकदम कॅलेंडर! खाली "वॉव", "क्लास", "काय टायमिंग!" माझा साधा प्रश्न आहे. एवढे सगळे पक्षी नेमके तुमच्या कॅमेऱ्यासमोरच कसे काय उडाले?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. नाव थव्यात घातली म्हणून उडाले. रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. पोट भरायला तासन् तास लागतात. धरणाचं पाणी ओसरून अशी उथळ जागा मिळते, म्हणून तर तो इथे येतो. त्याला सकाळपासून प्रत्येक नावेने उठवायचं! जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये असं आपल्याकडे लहान पोरालाही शिकवतात. पाहुणा पक्षी असला की हे लागू नाही का?

मागच्या खेपेला शेजारच्या नावेतले एक गृहस्थ (लेन्स हातभर) नाववाल्याला म्हणाले, "जरा आत घ्या की, उडवा ना एकदा." नाववाला म्हणाला, "बसू द्या साहेब, आपले आपण उठतील." त्यावर गृहस्थ, "मग पैसे कशाचे घेता?" गेली नाव आत. आता नाववाल्यांना नावं ठेवणारे भेटले की मला चीड येते. मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला पक्ष्यांमुळे चार पैसे मिळू लागलेत, गिऱ्हाईक मागेल ते तो देणारच. सुधारायचं आहे ते गिऱ्हाइकाने.

बरं, रोहित निदान उडून पलीकडे जाऊन बसतो. आमच्या नान्नजच्या माळावर तर तीही सोय नाही. टिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, सगळ्यांची अंडी जमिनीवर. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. तुम्ही दहा पावलांवर उकिडवे बसून "फक्त दोनच फोटो" म्हणत तिला अर्धा तास लांब ठेवलंत, तर आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांत अंडं शिजायला वेगळा गॅस लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. बंदूकवाल्याच्याच रांगेत!

ज्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं तो माळढोक कॅमेऱ्यांनी संपवला असं मी म्हणत नाही. शिकार, माळांची नांगरट, विजेच्या तारा ही त्याची कारणं. (त्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही, तारेवर आदळतो. २०२१ साली सुप्रीम कोर्टाला त्यावर आदेश द्यावा लागला.) पण उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालणारा हा पक्षी देशभरात जेमतेम शे-दीडशे उरला, तोही मुख्यतः जेसलमेरकडे. इथे तो दिसला तर पेपरात बातमी येते. माळावरचे बाकीचे पक्षी त्याच्याच पद्धतीने अंडी घालतात, एवढं तरी लक्षात घ्याल की नाही?

"फोटोंमुळेच तर लोकांना पक्षी कळतात," हे उत्तर मला येणार, माहीत आहे. कळतात, मान्य. पण टिटवीची चार ठिपकेदार अंडी आजवर हजारदा छापून झाली. तुमच्या फोटोने त्यात कुठली भर पडली? लाइक सोडून?

मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. इथे १९३२ साली जन्मले आणि जून २०२५ मध्ये इथेच गेले. ५ नोव्हेंबरचा त्यांचा वाढदिवस ते १२ नोव्हेंबरचा सलीम अलींचा वाढदिवस असा पक्षी सप्ताह राज्यभर होतो. त्यात फोटोंची प्रदर्शनं लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की घरट्याचा आणि अंड्यांचा एकही फोटो घेऊ नका, आणि उडत्या थव्याच्या प्रत्येक फोटोखाली थवा का उडाला ते काढणाऱ्याकडून लिहून घ्या. निम्म्या भिंती रिकाम्या राहिल्या तर राहू द्यात.

आणि मामा, तुमच्या त्या अंड्यांच्या फोटोला मी लाइक का दिला नाही असं परवा आई विचारत होती. हे वाचून दाखवा तिला.