साखर कामगारांच्या निवृत्तीनंतरच्या औषधोपचाराबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : साखर कारखान्यांतील ईपीएस-95 (कर्मचारी पेन्शन योजना, 1995) निवृत्तिवेतनधारक व त्यांच्या जोडीदारांना राज्य कामगार विमा योजनेचे (ईएसआय) औषधोपचार मिळण्याबाबत.

महोदय,

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाचे आणि राज्य कामगार विमा महामंडळाचेही अध्यक्षपद आपल्याकडे आहे. पहिली संस्था निवृत्त कामगाराला पेन्शन देते, दुसरी कामावरच्या कामगाराला दवाखाना देते. महाराष्ट्रातील साखर कामगार या दोहोंच्या मधल्या फटीत सापडला आहे. आमची मागणी एकच आहे : ज्याला ईपीएस-95 ची पेन्शन मिळते, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला विम्याचा दवाखानाही मिळावा.

पेन्शनच्या वाढीसाठी स्वतंत्र लढा चालू आहे, त्याची पुनरुक्ती येथे करत नाही. मात्र दोन आकडे सांगणे भाग आहे. 1 सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये आहे आणि ती महागाई भत्त्याशी जोडलेली नाही. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने 2013 मध्येच 3,000 रुपये आणि महागाई भत्त्याची शिफारस केली होती. अध्यक्ष पुढे आमच्या राज्याचे राज्यपाल झाले, शिफारस मात्र कागदावरच राहिली. किमान पेन्शनवाल्यांचे सोडून द्या. ज्याने नोव्हेंबर 1995 पासून सलग नोकरी करून 2024 मध्ये 58 वर्षे पूर्ण केली, त्याचे गणित पाहा. ऑगस्ट 2014 पर्यंतची सेवा 6,500 रुपयांच्या वेतनमर्यादेने, पुढची 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेने धरून, योजनेच्या सूत्राप्रमाणे भागिले 70 केले की दरमहा हाती येतात चार हजारांच्या आसपास. त्यातून मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तपासण्या, त्याही दोघांच्या, भागवायच्या आहेत.

आता दवाखान्याविषयी. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे 120 रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार मिळतात. योजना उत्तम आहे, यात शंका नाही. पण साखर कामगार तिच्या उंबऱ्याशीच अडतो, कारण 1948 च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखरेचे, अगदी गुळाचेही उत्पादन नावानिशी घातले. ऊस चार-पाच महिने गाळला जातो हे खरे. पण गाळप संपले म्हणून कायम कामगार घरी जात नाही; मिल उघडून दुरुस्त करणे, बॉयलरची देखभाल, गोदामातील साखर, कार्यालयाचे हिशेब हे बारमाही चालते. हंगामी कामगारही वर्षानुवर्षे त्याच कारखान्यावर परततो आणि मधल्या काळात रिटेन्शन भत्ता घेतो, म्हणजे कारखान्याशी त्याचे नाते तुटलेले नसते. बगॅसची धूळ, मिलचा आवाज आणि बॉयलरची धग यांचा शरीरावर होणारा परिणाम तर हंगाम संपला म्हणून संपत नाही. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कापताना साखर उद्योगाच्या हंगामीपणाची अडचण आली नाही. दवाखान्याच्या दारातच ती का यावी?

यावर पहिला आक्षेप असा येईल की आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असताना आणखी काय हवे? या योजनांचे मोल आम्ही नाकारत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी अनेक घरे कर्जातून वाचवली आहेत. पण त्यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांवर आहे. निवृत्ताला पोखरतो तो दर महिन्याचा, बाह्यरुग्ण विभागाचा खर्च. गोळ्या परवडत नाहीत म्हणून मध्येच बंद करणारा माणूस पुढे पक्षाघात होऊन दाखल झाला की सरकार लाखांत पैसे मोजते. हा उलटा व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ज्यांनी विम्याची वर्गणी भरली नाही, त्यांच्यावर वर्गणीदारांचा पैसा का खर्च करावा? आम्हालाही तो फुकट नको. ईएसआय कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीने, ज्या ईएसआय रुग्णालयांचा पुरेसा वापर होत नाही तेथे इतर लाभार्थ्यांना शुल्क घेऊन सुविधा देण्याची योजना आखण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ही तत्त्वाची वाट सरकारनेच आखून ठेवली आहे. पेन्शनमधून दरमहा ठरावीक रक्कम कापावी, कारखान्यांनी वाटा उचलावा, उरलेला भार केंद्राने घ्यावा. 120 रुपयांपेक्षा जास्त द्यावे लागले तरी त्यास आमची तयारी आहे.

अंतराचा प्रश्न मात्र खरा आहे. सोलापूर, कोल्हापूर, पुणे येथे विम्याची रुग्णालये आहेत. कारखाने आहेत खेड्यापाड्यांत. मुंबईच्या कामगार वस्त्यांत पॅनेलच्या डॉक्टरांची पद्धत वर्षानुवर्षे चालली आहे. तीच कारखाना परिसरातील डॉक्टर, कारखान्याचे दवाखाने आणि ग्रामीण रुग्णालये यांना लागू करता येईल. गोळ्या तिथे मिळाव्यात आणि शहरातले रुग्णालय गंभीर आजारासाठी असावे, एवढेच पुरे.

तरी आपण दोन्ही संस्थांच्या अधिकाऱ्यांची व साखर कामगार संघटनांच्या प्रतिनिधींची संयुक्त बैठक बोलवावी, तीत वर्गणीचा दर व पॅनेलची रचना ठरवावी आणि तोपर्यंत किमान बाह्यरुग्ण औषधांची सोय एखाद्या साखरपट्ट्याच्या जिल्ह्यात सुरू करावी, ही विनंती. बैठकीची तारीख आम्हाला लेखी कळवावी.

आपले,
महाराष्ट्रातील सेवानिवृत्त साखर कामगार