अभिप्रायवहीतले ‘अप्रतिम’

आपल्याकडच्या मंडळात मराठी चित्रपटाचा खेळ झाला, की सभागृहाच्या दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवलेली असते. शेजारी दोऱ्याने बांधलेले पेन असते, आणि टेबलामागचा कार्यकर्ता बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे अपेक्षेने पाहत असतो. मी वडोदऱ्यात राहतो. आमच्या येथील एका मंडळाची अशी वही अलीकडे माझ्या हाती आली. जुनी कागदपत्रे लावून ठेवण्याचे काम निवृत्त माणसाकडे आपोआपच येते. एका बैठकीत मी ती सगळी वाचून काढली. ‘अप्रतिम.’ ‘अतिशय सुंदर.’ ‘हृदयस्पर्शी.’ ‘असेच उपक्रम राबवावेत.’ पानांमागून पाने. वरची तारीख आणि चित्रपटाचे नाव झाकले, तर कोणता अभिप्राय कोणत्या चित्रपटाचा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्या वहीत माझ्याही सहीचे चार ‘अप्रतिम’ निघाले. त्यांपैकी एका चित्रपटाच्या वेळी मला चक्क झोप लागली होती, हे मला स्वच्छ आठवते.

या ‘अप्रतिम’विरुद्ध मला तक्रार नोंदवायची आहे. सामान्य प्रेक्षकाला चित्रपटातले काही कळत नाही, असे म्हणणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीला मला मुळीच बसायचे नाही. ती पंक्ती जुनी आहे आणि तिचे निकाल अनेकदा उलटले आहेत. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो १९३७ साली. ज्यांनी तो चालवला त्यांना व्हेनिसची शिफारस लागली नाही. त्यांनी विष्णुपंत पागनिसांना पाहिले, घरी जाऊन शेजाऱ्याला सांगितले, आणि शेजारी गेला. सामान्य प्रेक्षकाच्या मताचे सामर्थ्य हे असे आहे. माझी तक्रार आहे ती ते मत आपण देतच नाही म्हणून.

मत म्हणून आज आपण जे बोलतो, ते बहुतेक उसने असते. सर्वांत प्रचलित उसनवारी आकड्यांची. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, ‘कसा होता हो?’ या प्रश्नाला उत्तर मिळते, ‘पहिल्या आठवड्यात इतके कोटी केले!’ अहो, केले असतील. ते तुमच्या खिशात आले काय? निर्मात्याच्या हिशेबनिसाची ही बिनपगारी नोकरी आपण केव्हा पत्करली, मला खरोखर समजत नाही. दुसरी उसनवारी ताऱ्यांची. साडेतीन तारे मिळालेल्या चित्रपटात तो अर्धा तारा कशाला मिळाला किंवा कशासाठी कापला, हे विचारण्याचे भान कोणाला राहिलेले नाही.

आणि आता चित्रपटगृहाच्या दारातच माईक घेऊन माणसे उभी असतात. डोळे पुसत बाहेर येणाऱ्या बाईंचे दोन शब्द टिपायचे आणि तेच जाहिरात म्हणून फिरवायचे, हा प्रसिद्धीचा सर्रास मार्ग झाला आहे. ‘निःशब्द झालो’ असे ती मंडळी माईकसमोर मोठ्याने सांगतात! दक्षिणेतला प्रकार याच्या उलट आहे, पण त्यातून शिकण्यासारखे आहे. तमिळ चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेने २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवरील परीक्षणांना मज्जाव करावा, अशी मागणी केली. न्यायालयाने तसा तातडीचा आदेश दिला नाही. त्या परीक्षणांमध्ये द्वेषाने लिहिलेली, पैसे घेऊन लिहिलेली अशीही असतात, हे मान्य. परंतु तेथे प्रेक्षकाच्या तोंडाला घाबरून लोक न्यायालयाची पायरी चढतात, हेही खरे. आपल्या अभिप्रायवहीला घाबरून आजवर कोणाची झोप उडाली आहे?

तिसरी उसनवारी खास आपली, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांची, आणि ती सर्वांत सभ्य दिसते म्हणून सर्वांत घातक आहे. ‘आपला चित्रपट आहे, चांगलेच म्हटले पाहिजे.’ आपण निष्ठा उसनी घेतो आणि तिलाच मत म्हणतो. ही वृत्ती मी जवळून पाहिली आहे, किंबहुना तिच्यात वाढलो आहे. इथे मराठी चित्रपट येतो तो रविवारी सकाळच्या एका खेळापुरता. महाराष्ट्र शासनाचे नियम आणि अनुदाने राज्याच्या सीमेशी थांबतात. अशा स्थितीत नावे कशी ठेवायची? हे म्हणजे पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईत मीठ जास्त आहे असे सांगण्यासारखे. म्हणून आपण ‘अप्रतिम’ लिहितो आणि पेन पुढच्याच्या हाती देतो.

या सभ्यतेने आपण काय गमावतो, त्याचे एकच उदाहरण विस्ताराने देतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ साली चित्रपटगृहांत आला. त्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे तोच पाठवला गेला. पुढे आमच्या येथे एका मंडळाने त्याचा खेळ ठेवला. एका लोकशाहीरावर खटला भरला जातो: त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. खटला रेंगाळतो, आणि मधूनमधून कॅमेरा वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या घरगुती आयुष्यात जातो. खेळ संपल्यावर जिन्यात माझ्याबरोबर एक गृहस्थ उतरत होते. जिल्हा न्यायालयात तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेले. ते मला म्हणाले, “कंटाळलो बुवा. तारीख पडल्यावर कागद आवरायची घाई हुबेहूब आहे, पण ते मी तीस वर्षे पाहिले. तेच दोन तास पुन्हा दाखवून यांनी मला नवीन काय दिले?” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “शेवटी ते एकेक दिवा मालवतात ना, तेव्हा मात्र चरकलो. रिकामे कोर्ट मी कधी पाहिलेच नव्हते. दिवे मालवणाऱ्याच्या आधी मी घरी निघालेला असे.”

या चित्रपटावर मी जे काही वाचले, त्यात याच्या तोडीचे मला काही सापडले नाही. यात कंटाळ्याचे कारण आहे, चित्रपटाच्या खरेपणाची साक्ष आहे, आणि एका दृश्याने पाहणाऱ्याला काय केले, त्याची नोंद आहे. या गृहस्थांनी वहीत काय लिहिले, ते मी आता पाहिले. ‘अतिशय सुंदर. मंडळाचे आभार.’

आणखी एक गोष्ट. त्या चित्रपटातला बचाव पक्षाचा वकील गुजराती आहे. तो आईवडिलांशी गुजरातीत बोलतो, आणि तेवढ्यापुरते आमचे सभागृह एकदम जागे झाले, ओळखीचे हसू पसरले. पुढे सरकारी वकील असलेली बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. नाटक परप्रांतीयांविरुद्धचे आहे. रंगमंचावर त्या परक्या माणसाला घराबाहेर काढतात आणि पडद्यावरचे मराठी प्रेक्षक टाळ्या पिटून हसतात. पिढ्यान्‌पिढ्या दांडिया बाजारच्या आसपास राहून, गुजराती शेजाऱ्यांच्या सुखदुःखात वाढलेले आम्ही लोक ते दृश्य पाहत होतो. आमच्या सभागृहातही काही जण हसले. मग ते हसू मध्येच कोठेतरी थांबले. मला ते ऐकू आले. आपण कोणाच्या बाजूने हसायचे, हे क्षणभर कोणालाच कळेना. या दृश्याबद्दल पुण्यामुंबईचा समीक्षक पुष्कळ लिहील, पण ही थबक त्याच्या वाट्याला येणार नाही, कारण तो स्वतः परप्रांतीय म्हणून कधी कोठे राहिलेला नाही. बेळगावचा, इंदूरचा, ग्वाल्हेरचा मराठी प्रेक्षक ते लिहू शकतो. लिहिले कोणी? त्या दिवशीच्या पानावर सदतीस सह्या आहेत आणि नाटकाचा उल्लेख एकीतही नाही. माझीही सही त्यांत आहे.

‘सैराट’चेही तेच. २०१६ साली लोक चित्रपटगृहात उठून नाचले, पडद्यावर नाणी उधळली. आणि मग ठरलेले वाक्य सर्वत्र ऐकू आले, ‘मध्यंतरापर्यंत झकास, पुढे जरा संथ.’ ‘पुढे’ म्हणजे काय? पुढे आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. भाषा येत नाही, झोपडपट्टीतली खोली, डोश्याची गाडी, कारखान्यातली नोकरी. आपल्या कित्येक घराण्यांचा परमुलखातला पहिला संसार थोड्याफार फरकाने असाच झाला असेल. त्या संथपणात हैदराबादच्या मराठी माणसाला काय दिसले, तेलुगू बोलीतला तो अनोळखीपणा खरा वाटला की खोटा, हे त्याच्याकडून ऐकण्यासाठी मी केव्हाही प्रवास करीन. ‘संथ’ हा शब्द चूक नाही; तो अर्धवट आहे. ‘कंटाळा आला’ हेसुद्धा चांगले मत आहे, फक्त कोठे आला ते सांगितले पाहिजे.

आता आक्षेप येईल, आणि तो मला आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तोंडावर ऐकवला आहे. ‘तुमच्या चिकित्सेने उरलेला एक खेळही बंद होईल.’ यावर माझे उत्तर तात्त्विक नाही, अनुभवाचे आहे. माझ्या शेजारी एक गुजराती कुटुंब राहते. गृहस्थ रसिक. काही वर्षांपूर्वी मी एका मराठी चित्रपटाहून परतलो तेव्हा फाटकातच त्यांनी विचारले, “केवी हती?” चित्रपट सुमार होता. पण परक्यापुढे आपल्या भाषेची लाज का काढावी, म्हणून मी म्हणालो, “बहु सरस!” माझ्या शब्दावर ते पाच माणसांची तिकिटे काढून गेले. परत आल्यावर काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव सौम्य आहे. त्यानंतर त्यांनी मला मराठी चित्रपटाविषयी पुन्हा कधीही विचारले नाही. पुढे खरोखर चांगले चित्रपट आले. मी आपण होऊन सांगितले, आग्रह केला. त्यांनी मान हलवली आणि गेले नाहीत. एका खोट्या ‘सरस’ने मी मराठीची पाच तिकिटे खपवली आणि एक घर कायमचे गमावले. आपल्याच माणसांच्या बाबतीत हे निराळ्या रीतीने घडते असे मानायला आधार नाही. तीनदा ‘अप्रतिम’ ऐकून फसलेला माणूस चौथ्यांदा टीव्हीवर येईपर्यंत थांबतो. रविवारचा खेळ टीकेने ओस पडत नाही. आपल्या कौतुकावर कोणाचा विश्वास उरलेला नाही, म्हणून तो ओस पडतो.

तेव्हा मंडळांना माझी विनंती आहे की ती वही बंद करावी. खेळानंतर अर्धा तास दिवे लावावेत, खुर्च्या वळवून घ्याव्यात, चहा द्यावा, आणि लोकांना बोलू द्यावे. विशेषणे मात्र घरी ठेवून यायला सांगावे. ज्याला जे दृश्य आठवते, त्याने ते सांगावे. चष्मा विसरल्याने निम्मे दिसले नाही, असे कोणी म्हणाला तरी चालेल. हे मी आमच्या कार्यवाहांना सुचवले. ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे, परंतु सभागृह साडेनऊला रिकामे करून द्यावे लागते. मी म्हटले, मग सुरुवातीचा सत्कार रद्द करा.

त्यावर ते अजून विचार करीत आहेत.