पहाटेची नीति आणि आंतड्याचें दुखणें

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सद्गुणांची परीक्षा सूर्योदयापूर्वींच उरकून घेण्याची चाल आहे. जो पहाटे उठला तो उद्योगी, जो साडेसातला अंथरुणावर सांपडला तो आळशी. मग पहिल्यानें दिवसभर वर्तमानपत्राची घडी मोडण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं आणि दुसरा रात्रीं अकरापर्यंत हिशेब तपासीत बसला, तरी निकाल फिरत नाहीं. एरव्हीं या परीक्षेची थट्टा करून आम्ही पुढें गेलों असतों. परंतु ज्याला त्याचें आंतडें रात्रींतून तीनदां उठवितें, त्यालाहि हीच परीक्षा द्यावी लागते, आणि तो नापास झाला म्हणजे चर्चा त्याच्या प्रकृतीची न होतां त्याच्या शीलाची होते, तेव्हां थट्टा पुरत नाहीं.

ज्या दुखण्याविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचीं नांवें अद्याप आमच्या बैठकींत रुळलेलीं नाहींत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आंतड्याच्या अस्तरावर व्रण पडून रक्त व आंव जाणें. दुसरा क्रोनचा रोग, जो अन्नमार्गांत कोठेंहि होऊं शकतो, पण लहान आंतड्याच्या शेवटच्या भागावर त्याचा विशेष लोभ. पहिल्याचें वर्णन लंडनच्या सॅम्युएल विल्क्सनें १८५९ सालीं केलें. दुसऱ्यावरचा निबंध न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केला. (वर्णानुक्रमानें क्रोनचें नांव पहिलें आलें, आणि रोग त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा झाला!) शरीराची रक्षकसेना आपल्याच आंतड्यावर उठते, हें दोहोंचें स्वरूप. हा संसर्ग नव्हे, जिभेचे चोचले नव्हेत, काळजी करण्याचा स्वभावहि नव्हे. रोग महिनोन्‌महिने निजतो आणि एकाएकीं उठतो. औषधांनीं दबतो, मुळांतून जात नाहीं. आपल्याकडे त्याचें खरें नांव कळण्यापूर्वीं रोग्याला बरींच दारें हिंडावीं लागतात. कोणी आंव म्हणतो, कोणी संग्रहणी म्हणतो. आणि क्रोनचा रोग व आंतड्याचा क्षय यांची चेहरेपट्टी इतकी सारखी कीं, कित्येकांना आधीं महिनोन्‌महिने क्षयाचीं औषधें घ्यावीं लागतात.

आतां सकाळच्या थकव्याकडे वळूं. ‘रात्रभर निजूनहि थकवा कसा?’ हा प्रश्न आप्तेष्टांनीं आम्हांस किती वेळां केला असेल! मुळांत रात्रभर निजणें झालेलेंच नसतें. शिवाय व्रणांतून रोज थोडथोडें रक्त जात असतें. आणि शरीरांत दाह चालू असला म्हणजे यकृतांतून हेप्सिडिन नांवाचें द्रव्य अधिक सुटतें, तें अन्नांतील लोहाला आंतड्यांतून रक्तांत शिरूं देत नाहीं. तिजोरींतून चोरी चालू, आणि दारावर भरणा घेण्यास मनाई! खजूर, गूळ आणि पालक यांचा सल्ला देणाऱ्या मावश्यांना हें कोणी सांगावें? क्रोनच्या रोग्याचें लहान आंतड्याचें टोक बिघडलें वा कापलें गेलें असेल, तर बी-१२ हें जीवनसत्त्व शोषून घेणारी जागाच गेली. दाहाच्या द्रव्यांनीं तापांत येते तशी ग्लानि येते ती निराळीच. आणि रोग दाबण्यासाठीं जें स्टेरॉइड द्यावें तेंच पुष्कळांची झोंप उडवितें. बरें, रोग शमला तरी थकवा त्याच्याबरोबर जातोच असें नाहीं.

त्यांत सकाळची वेळ सर्वांत वाईट. माणूस उठून चार पावलें चालला, दोन घोट चहा पोटांत गेला, कीं मोठें आंतडें जागें होतें. निरोग्याला हें वरदान. दाह झालेल्या आंतड्याला हीच आपत्ति. म्हणून नऊची गाडी धरणारा रोगी सहाला उठतो तो देवासाठीं फुलें तोडावयास नव्हे. दोन तास शौचकूपाच्या आसपास काढून मग घराबाहेर पडण्याचा धीर एकवटावयास उठतो. दहा वाजतां इतरांचा दिवस सुरू होतो, तेव्हां याची एक पाळी उरकलेली असते, आणि ती कोणत्याहि हजेरीपटावर चढत नाहीं.

यावर आम्हांस ब्राह्ममुहूर्त ऐकविण्यांत येतो. शास्त्राचा आधार घेणाऱ्यांनीं शास्त्र उघडून पाहावें एवढीच आमची विनंति. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत पहाटे उठण्याची जी आज्ञा घातली आहे, ती ‘स्वस्थ’ माणसाला. हा शब्द तेथें छंद भरून काढण्यासाठीं आलेला नाहीं. रोग्यांचा विचार त्या ग्रंथांत निराळा केलेला आहे, आणि ग्रहणीच्या चिकित्सेला तर स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. जो भेद वाग्भटास कळला, तो आमच्या कचेऱ्यांतील बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांना आणि त्यांच्या मालकांना कळूं नये, याचा खेद वाटतो.

येथवर आम्हीं इतरांस दोष दिला. आतां स्वतःकडे येतों. हें दुखणें आम्हांस एकोणीस वर्षें आहे, आणि त्यांतलीं पंधरा वर्षें आम्हीं तें लपविलें. महाविद्यालयांतील ७-२० चा पहिला तास आमचा. तो चुकूं नये म्हणून आदल्या सायंकाळीं सहानंतर अन्न घ्यावयाचें नाहीं, सकाळीं चहासुद्धां नाहीं, आणि तास संपल्यावर खोलीचें दार लावून डोकें मेजावर टेकावयाचें, असा नेम होता. शेक्सपिअर शिकवितांना आमचें अर्धें लक्ष दाराकडे असे. विद्यार्थ्यांना ती तंद्री वाटे. इतक्या वर्षांत पहिला तास एकदांहि बुडविला नाहीं याचा आम्हांस मोठा अभिमान होता, आणि पुढें रोगाची गोष्ट फुटल्यावर वरिष्ठांनीं चार लोकांत त्याचें कौतुक केलें, तेंहि गोड लागलें.

त्याच सुमारास कार्यालयांत एक तरुण लेखनिक बाई होत्या. रोग तोच. दहाऐवजीं अकराला येऊं द्यावें, संध्याकाळीं तासभर अधिक थांबून काम पुरें करीन, एवढाच त्यांचा अर्ज. तो नाकारतांना त्यांना तोंडीं सांगण्यांत आलें, “ते प्राध्यापक पाहा. त्यांनाहि हेंच आहे. ते ७-२० ला कसे हजर असतात?” बाई आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या नाहींत. त्यांनीं फक्त विचारलें, “सर, तुम्ही सकाळीं काय खातां?” आम्हीं खरें तें सांगितलें, “कांहींच नाहीं.” त्यांनीं तेंहि करून पाहिलें. तीन महिन्यांत कपडे अंगावर लोंबूं लागले, आणि चौथ्या महिन्यांत त्यांनीं राजीनामा दिला.

ज्याला आम्ही धैर्य समजत होतों, तें दुसऱ्यावर उगारण्याची छडी झालें. एकाच नांवाच्या दोन रोग्यांचीं आंतडीं एक नसतात. शिवाय आम्हांस दार लावून घेण्यापुरती खोली होती, बाईंना पांच जणांत एक मेज होतें. हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें असें नाहीं. कौतुक ओसरेल म्हणून आम्ही बोललों नाहीं.

२०२३ सालीं इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ति यांनीं तरुणांनीं आठवड्यास ७० तास काम करावें असें म्हटलें, आणि २०२५ च्या आरंभीं लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची मजल ९० तासांपर्यंत गेली. त्यावर वाद पुष्कळ झाला. पण या तासांत आजाऱ्याचे तास कसे मोजावयाचे, हें विचारणारा आमच्या दृष्टीस पडला नाहीं. आजारी माणसाकडून मोठें काम होत नाहीं असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जपानचे शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ सालीं एका वर्षांतच त्यांना प्रधानपद सोडावें लागलें. २०१२ सालीं तेच पुन्हां पदावर आले आणि पावणेआठ वर्षें टिकले. मधल्या काळांत त्यांची जिद्द वाढली होती काय? जपानांत या रोगाचें एक नवें औषध मिळूं लागलें होतें, आणि त्याचें श्रेय ते स्वतः देत. पुढें ऑगस्ट २०२० मध्यें रोग उलटला. सलग कारकीर्दीचा विक्रम मोडल्यावर चार दिवसांनीं त्यांनीं निवृत्तीची घोषणा केली. आंतड्यानें विक्रमाची पर्वा केली नाहीं.

‘सवलत दिली कीं ढोंगी माजतील’ हा शेवटचा आक्षेप. ज्या समाजांत हृदयविकार लग्नाच्या पंगतींत ऐटीनें सांगतात आणि शौचाचा शब्द मात्र वैद्यापुढेंहि अडखळत उच्चारतात, तेथें या रोगाचें सोंग आणण्यास कोण धजेल? आणि दुर्बीण आंत घालून डोळ्यांनीं पाहतां येणाऱ्या रोगाचें सोंग टिकेल किती दिवस? अमेरिकेनें २००८ सालीं आपला अपंगत्वविषयक कायदा दुरुस्त करतांना शरीराच्या मुख्य व्यापारांत आंतड्याच्या व्यापाराचा नांवानिशीं उल्लेख केला, आणि उलटसुलट येणाऱ्या रोगाचें माप तो उठलेला असतां घ्यावें असेंहि ठरविलें. आमच्या २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत २१ प्रकार आहेत. त्यांत या रोगाला जागा नाहीं. मागणी तरी काय आहे? काम कमी करा असें कोणी म्हणत नाहीं. तास पुढें सरकवा, मेज शौचकूपाजवळ द्या, आणि येण्याची वेळ मोजण्याऐवजीं झालेलें काम मोजा.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत शौचकूप नाहीं. कल्याणाहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जलद गाडीलाहि सुमारें तास लागतो. रोगी तो प्रवास मैलांत मोजीत नाहीं, ठाणें, घाटकोपर, दादर असा उतरण्याच्या जागांत मोजतो. १९०९ सालीं ओखिलचंद्र सेन नांवाच्या प्रवाशानें, शौचास उतरला असतां गाडी निघून गेली म्हणून रेल्वेला पत्र लिहिलें. त्याच्या मोडक्या इंग्रजीला आपण शंभर वर्षें हंसत आलों. त्याची अडचण उपनगरी गाडींत अजून जशीच्या तशी उभी आहे.

गेल्या महिन्यांत आम्हीं पहिला तास सोडण्याचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यांत आजवर ‘प्रकृति-अस्वास्थ्य’ लिहीत आलों. या खेपेस रोगाचें नांव लिहिलें, आणि त्याखालीं त्या बाईंचा अर्ज कोणतें उदाहरण देऊन नाकारण्यांत आला होता तेंहि नमूद केलें. अर्ज परत आला आहे. ‘दुसरा मजकूर असंबद्ध असल्यानें गाळून पुन्हां सादर करावा’ असा त्यावर शेरा आहे. आम्हीं तो न गाळतां पुन्हां धाडला आहे.